पाच बँड, एक तळघर : टोकियोतला व्हिज्युअल केई ताइबान

उन्हाची_तिरीप

जपानी रॉकबद्दल इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि उत्तरं बहुतेक एक्स जपानच्या जुन्या व्हिडिओंपाशी थांबतात. टोकियो डोममधला ३१ डिसेंबर १९९७ चा तो निरोपाचा कार्यक्रम, ड्रमर योशिकीचा पारदर्शक पियानो, गिटारवादक हिदेचे गुलाबी केस. ते सगळं मोठंच आहे, मीही त्याच वाटेने इथवर आले. तरी व्हिज्युअल केई, म्हणजे ठसठशीत रंगभूषा-वेषभूषा करून वाजवलं जाणारं हे जपानी रॉक, काय असतं हे ज्याला जवळून बघायचंय त्याने एखाद्या तळघरातल्या लाइव्ह हाउसला, म्हणजे बँड वाजवतात त्या छोट्या जागेला जावं, आणि जमलं तर एकट्या बँडच्या कार्यक्रमाऐवजी ताइबानला जावं. एकाच संध्याकाळी चार-पाच बँड पाठोपाठ वाजवतात तो ताइबान.

नुकतीच टोकियोतल्या इकेबुकुरो भागातल्या 'एज' या लाइव्ह हाउसमध्ये अशा एका ताइबानला जाऊन आले. त्या संध्याकाळच्या पाच बँडांपैकी एकाचंही नाव इथे कुणी ऐकलेलं नसेल. म्हणूनच लिहावंसं वाटलं.

सुरुवात रस्त्यावरच होते. तिकिटावर एक क्रमांक असतो आणि आत सोडताना तो क्रमांक पुकारतात. त्यामुळे दोन तास आधी येऊन दाराशी ठाण मांडण्यात काही अर्थ नाही, आपला क्रमांक जवळ आला की पुढे सरकायचं. काळी लेस, जाड तळव्यांचे बूट, चाकांच्या छोट्या बॅगा, आणि इतक्या मुली उभ्या असूनही फुटपाथ मोकळा. शेजारच्या दुकानदाराला त्रास झाला तर लाइव्ह हाउसकडे तक्रार जाते आणि शेवटी ते बँडच्या अंगावर येतं, हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

दारात तिकीट फाडतात, पेयाचे वेगळे पैसे घेतात (साधारण ६०० येन, रोख सुटे ठेवा) आणि एक प्रश्न विचारतात : आज कुणासाठी आलात? समोरच्या कागदावर पाच बँडांची नावं असतात, तुम्ही सांगाल त्या नावापुढे रेघ पडते. ही रेघ साधी नाही. कार्यक्रम संपल्यावर कोणत्या बँडने किती माणसं आणली याचा हिशेब तिच्यावरून होतो. बऱ्याच ठिकाणी बँडला तिकिटांचा ठरावीक कोटा दिलेला असतो. तो भरला नाही तर फरक बँडमधल्या मुलांनी खिशातून भरायचा. तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने 'सगळेच बघायला आलोय' असं म्हणू नये. घरी पाचही बँडांची एकेक गाणी ऐकून जावं आणि मनाला भिडलेल्या बँडचं नाव ठामपणे सांगावं.

आत गेल्यावर जागेचं गणित कळतं. प्रेक्षकांकडून बघताना मंचाची उजवी बाजू कामिते, डावी शिमोते. ज्या गिटारवाल्यावर आपला जीव, त्याच्या बाजूला उभं राहायचं. मंचासमोर लोखंडी कठडा असतो आणि त्याला धरून उभी असते ती पहिली रांग, साइझेन. या पहिल्या रांगेवरून जुन्या काळी मोठी राजकारणं व्हायची. काही मुली स्वतःच रांगेचा कारभार ताब्यात घ्यायच्या, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवायच्या, आणि नवख्या मुलीला त्यांच्या परवानगीशिवाय कठड्याला हात लावता यायचा नाही. आता कित्येक बँड स्पष्ट लिहितात की असा कारभार चालणार नाही.

ताइबानमध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती मधल्या वेळेतली हालचाल. एक बँड संपतो, पडदा ओढला जातो, मागे ड्रमचे तुकडे हलवल्याचे आवाज येतात. दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात पहिल्या रांगेतली मुलगी मागे वळते, पुढच्या बँडच्या मुलीला नजरेनेच 'ये' म्हणते आणि स्वतः मागच्या भिंतीशी जाते. कुणी सांगत नाही, कुणी शिट्टी वाजवत नाही. आपल्या बँडच्या वेळी जी जागा आपल्याला मिळाली ती कुणीतरी सोडली होती म्हणून मिळाली, हा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. त्या संध्याकाळी माझ्यापुढे फर लावलेला कोट घातलेली एक बाई होती, पन्नाशीची तरी असेल. चौथ्या बँडच्या आधी तिने कठडा सोडला आणि शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीला अक्षरशः खांद्याला धरून पुढे उभं केलं.

आता फुरींबद्दल. फुरी म्हणजे गाण्याबरोबर प्रेक्षकांनी करायच्या ठरलेल्या हालचाली. धृपदाला दोन्ही हात पुढे पसरून गायकाकडे उघडायचे, ती साकी. गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी धून, सुरू झाला की मान जोरात झटकायची, ते हेदोबान. त्याच तालावर कंबरेतून पूर्ण खाली वाकून वर यायचं, ती ओरितातामी. मग सगळी रांग डावीकडे धावते, तशीच उजवीकडे. कधी पुढचे लोक मंचाकडे पाठ करून मागच्यांच्या अंगावर झेप घेतात. बाहेरून बघणाऱ्याला हा गोंधळ वाटेल. पण त्यात उभं राहिलं की कळतं, शेजारणीचा हात कधी वर जाणार हे तुम्हाला माहीत असतं आणि तुमचं डोकं कधी खाली जाणार हे तिला माहीत असतं. म्हणून तर इतक्या कमी जागेत कुणी कुणावर आदळत नाही.

तिसरा बँड नवा होता. त्यांच्यासाठी आलेल्या मुली मोजक्याच, कठड्याशी मधोमध. गायकाच्या डाव्या डोळ्याखालचा रंग घामाने उतरत होता आणि पहिल्या दोन गाण्यांत मागचे सगळे नुसते उभे होते. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या धृपदाला त्या मोजक्या मुलींनी हात उघडले, त्यांच्या मागच्या रांगेतल्या, दुसऱ्याच बँडसाठी आलेल्या मुलींनी ते बघून उचललं आणि शेवटच्या धृपदाला भिंतीपर्यंत सगळे हात उघडलेले होते. त्या गायकाने माइक सोडून तालात न बसणारा एक मोठा श्वास घेतला, तो मला दिसला. दुसऱ्याच्या बँडसाठी हात वर करणं ही ताइबानला जाणाऱ्याची जबाबदारी आहे असं मी मानते. तुमचा आवडता बँडही कधीतरी तिसऱ्या क्रमांकाला, अनोळखी लोकांपुढे उभा होता.

जाऊन आलेल्यांनी आपले अनुभव लिहा. जाणार असाल तर विचारा.

---

जुनाट_कॅसेट

फार नेटकं लिहिलंस. थोडा इतिहास जोडतो, कारण अनेक बँडांनी एकत्र वाजवणं हे या संगीताच्या मुळातच आहे. योशिकीने १९८६ मध्ये एक्स्टसी रेकॉर्ड्स ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, कारण मोठ्या कंपन्या आपल्या बँडला हवं तसं वाजवू देतील असं वाटत नव्हतं. ओसाकात त्याच सुमारास कलर बँडच्या टॉमीचं फ्री-विल उभं राहिलं. ही दोन्ही लेबलं बँडवाल्यांनीच चालवलेली. १९९१ मध्ये एक्स्टसीच्या बँडांनी एक्स्टसी समिट म्हणून टोकियोच्या बुदोकान या मोठ्या सभागृहात एकत्र कार्यक्रम केला, त्यात एक्सबरोबर (एक्स जपानचं तेव्हाचं नाव) तेव्हा अगदी ताजा असलेला लुना सी होता. मेगुरोच्या रोकुमेइकानसारख्या छोट्या जागेत वाजवणारी पोरं थेट बुदोकानात! ज्याचं नाव झालं त्याने मागच्याला हात द्यायचा, ही रीत तिथून दिसते.

आणि ती पुढेही टिकली. जून २०१५ मध्ये लुना सीने टोकियोजवळच्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात दोन दिवसांचा लुनाटिक फेस्ट भरवला. एक्स जपान, ग्ले, बक-टिक, दिर आँ ग्रे असे सगळे आले. यजमान लुना सी 'लुनासी' या आपल्या सुरुवातीच्या नावाने सगळ्यांच्या आधी मंचावर आला. मोठ्या बँडने स्वतःच्या महोत्सवात सलामीला वाजवायचं, याचं मला आजही अप्रूप आहे.

सदाफुली

तिरीप, एक प्रामाणिक मतभेद. दुसऱ्याच्या बँडला हात वर करणं ही 'जबाबदारी' म्हणू नये. मी ओसाकात दोन वर्षं होते, भरपूर ताइबान बघितले. कठडा धरून, इतर बँडांच्या वेळी दगडासारख्या उभ्या राहणाऱ्या मुलींना तिथे 'जिझो' म्हणतात, रस्त्याकडेच्या त्या दगडी मूर्तींवरून. त्यांच्यावर सगळे चिडतात. पण त्यातल्या कितीतरी जणी रात्रपाळी करून आलेल्या असतात, आपल्या बँडच्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी अंगातली शक्ती राखून ठेवतात. तिकीट त्यांनीही काढलंय. खोटे हात वर करण्यापेक्षा शांत उभं राहणं मला जास्त खरं वाटतं.

उन्हाची_तिरीप

सदाफुली, शांत उभं राहण्याला माझी हरकत नाहीच. मागे उभं राहावं, बसावं, पाणी प्यावं. माझा आक्षेप फक्त पहिल्या रांगेत दगड होऊन राहण्याला. नव्या गायकाला दिव्यांच्या झोतामुळे मागचं फारसं दिसत नाही, त्याला दिसते ती पहिली रांग. तिथे पाच कोरे चेहरे असले की त्याचं सगळं अवसान जातं. दमलेली असेल तर तिने तेवढी वीस मिनिटं कठडा सोडावा, तिच्या बँडच्या वेळी तिला परत पुढे घेतील. मी तसं होताना बघितलंय.

सदाफुली

मागे गेल्यावर परत पुढे घेतीलच याची खात्री प्रत्येक ठिकाणी नसते गं. ज्या बँडच्या मुली फार आक्रमक, तिथे नाहीच घेत. पण पहिल्या रांगेबद्दलचं तुझं म्हणणं पटलं.

ऋणानुबंध_६२

मी या संगीतातला नाही, संगीत नाटकातला आहे. नातवाने माना नावाच्या गिटारवादकाचे फोटो दाखवले. मालिस मिझेर हा त्याचा बँड. पुरुष असून मंचावर पूर्ण स्त्रीवेषात आणि चारचौघांत चकार शब्द बोलत नाही म्हणे. नातवाला वाटलं आजोबा दचकतील. मी त्याला बालगंधर्वांचा भामिनीच्या वेषातला फोटो काढून दाखवला. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका गंधर्वांसारखं पातळ नेसायच्या, त्यांच्यासारखे दागिने घडवून घ्यायच्या. पुरुषाने मंचावर बाईपणाचा असा काही आदर्श उभा करायचा की बायकांनी त्याचं अनुकरण करावं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी घडून गेलंय.

आणि अनेक बँड एकत्र म्हणाल, तर १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नटांनी मुंबईत संयुक्त 'मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, गंधर्व भामिनी. दोन्हीकडचे रसिक एका थिएटरात. त्या प्रयोगाच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो.

उन्हाची_तिरीप

काका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मानाने १९९९ मध्ये स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढला, मुआ-मेम-मुआतिए. त्याच्या चाहत्या मुली आजही ते काळे-निळे झगे घालून कार्यक्रमांना येतात. म्हणजे तुम्ही म्हणता ते पातळ आणि दागिन्यांचंच! जपानला तर काबुकी नाटकातल्या ओन्नागाताची, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांची परंपरा आहे. १६२९ मध्ये बायकांना काबुकीतून बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या. त्यामुळे रंगवलेला पुरुष मंचावर बघून तिथल्या आज्यांनाही फारसं नवल वाटत नसावं.

सुरेल_विरोधक

मला एक विचारायचंय. रंगरंगोटी, कपडे, फुरी, फोटो या सगळ्यात संगीत कुठे येतं? मी ऐकलेल्या निम्म्या नव्या बँडांची गाणी एकसारखी वाटली.

नागोयाकर_मीरा

निम्मी तशी असतील, कुठल्याही संगीतात असतात. पण वेष आणि संगीत वेगळं काढून बघाल तर चुकाल. नागोयाचंच उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात इथून कुरोयुमे, लापुता, रुआज असे बँड आले, त्यांना नागोया केई म्हणतात. टोकियोवाल्यांपेक्षा कपडे साधे आणि काळे, संगीत जास्त कोंदट, जास्त कडवट. गिटारचा पोत आणि डोळ्यांखालची काजळी एकाच मनःस्थितीतून आलेली कळते. त्याच शहरातून पुढे आलेला लिंच ऐका. किंवा दिर आँ ग्रे. १९९७ चे त्यांचे रंगीबेरंगी फोटो आणि आत्ताचं त्यांचं संगीत शेजारी ठेवलं तर वेष कमी होत गेला तसतसा गायक क्योचा आवाजच वेष झाला असं वाटतं.

आणि तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर गोल्डन बॉम्बरने दिलंय. ते मंचावर वाद्यं वाजवतच नाहीत, वाजवल्याचा अभिनय करतात, आणि उघड सांगतात. तरी २०१२ मध्ये एनएचके वाहिनीच्या वर्षअखेरच्या कोहाकू या मानाच्या गाण्यांच्या कार्यक्रमात गेले. गायक किरयुइन शो गाणी स्वतः लिहितो आणि ती इतकी पक्की बांधलेली असतात की अख्खा जपान ती कराओकेत गातो.

सुरेल_विरोधक

लिंच ऐकला, मीरा. तीन गाणी सलग. आधीचा प्रतिसाद घाईने लिहिला असं आता वाटतंय असं म्हणणार नाही, पण यांचं अजून ऐकणार हे नक्की.

डॉ_कुंदा

फिजिओथेरपिस्ट म्हणून एक कळकळीची विनंती. हेदोबान आणि ते कंबरेतून वाकणं पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने करू नका. योशिकीच्या मानेवर २००९ मध्ये आणि परत २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली. वर्षानुवर्षं ड्रम वाजवताना मान झटकल्याचा तो परिणाम. मान एकटी फिरवू नका, गुडघे सैल ठेवून हालचाल छातीपासून येऊ द्या. हातांत मुंग्या आल्या तर ताबडतोब थांबा आणि मागे जा. आणि कानात प्लग घालाच. तळघरातल्या कमी उंचीच्या छताखाली आवाजाचा मारा फार असतो. दुसऱ्या दिवशीही कान वाजत राहिले तर तपासून घ्या.

ओलेती_संध्याकाळ

सगळं वाचत होते. लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मी बक-टिकची चाहती. १९ ऑक्टोबर २०२३ ला योकोहामाच्या कार्यक्रमात त्यांचे गायक साकुराई अत्सुशी गाता गाता कोसळले आणि त्याच रात्री गेले. दहा दिवसांनी एक्स जपानचे बेसवादक हीथ. पुढच्या एप्रिलमध्ये गॅझेट बँडचे बेसवादक रेइता. त्या सहा-सात महिन्यांत मी इअरफोन लावू शकत नव्हते. ऑफिसमध्ये कुणाला सांगणार? 'कोण जपानी गायक?' म्हणतील.

पुढे पुण्यातल्या जपानीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने टोकियोला गेल्यावर मला तिच्याबरोबर एका ताइबानला नेलं. नवी पोरं, वीस-बावीस वर्षांची. त्यांच्यातल्या एकाने बोलता बोलता सांगितलं की शाळेत असताना बक-टिक ऐकून बेस हातात घेतला. मी तिथेच रडले. शेजारच्या अनोळखी मुलीने रुमाल दिला, काही विचारलं नाही.

जुनाट_कॅसेट

ओलेती, तुझं दुःख इथे सांगत जा, इथे कुणी 'कोण?' म्हणणार नाही. २ मे १९९८ ला हिदे गेला तेव्हा मी डोंबिवलीत कॉलेजात होतो, बातमी कळायलाच कित्येक आठवडे लागले. त्सुकिजी होंगान-जीच्या त्याच्या अंत्यदर्शनाला पन्नास हजारांच्या आसपास माणसं आली होती, हे त्याहून उशिरा वाचलं. बक-टिकच्या उरलेल्या चौघांनी बँड थांबवला नाही, त्याच डिसेंबरमध्ये बुदोकानला उभे राहिले. तुला जमेल तेव्हा त्यांचं नवं ऐक.

अनिकेतचे_बाबा

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. ॲनिमेमधून या बँडांपर्यंत पोचली. 'डेथ नोट'मधलं नाइटमेअरचं गाणं, मग 'ब्लॅक बटलर'मधलं गॅझेटचं. मे महिन्यात आम्ही टोकियोला जाणार आहोत आणि तिला असा कार्यक्रम बघायचाय. मी सोबत असेन. सुरक्षित आहे का? आणि खर्चाचं काय? कुठेतरी वाचलं की मुली बँडवाल्यांवर वारेमाप पैसे उधळतात.

उन्हाची_तिरीप

दादा, खुशाल न्या. तुम्ही सोबत आहात हे उत्तम. बहुतेक ताइबान दुपारी चार-साडेचारच्या पुढे सुरू होतात आणि नऊ-साडेनऊला संपतात, शेवटच्या गाडीची काळजी नसते. आत दारू मिळते, पण लोक गाणी बघायला आलेले असतात. तिकीट साधारण ४,००० ते ५,५०० येन, दारात घेतलं तर थोडं जास्त. बॅगा आत नेऊ नका, स्टेशनवर लॉकर मिळतात. फोनवर चित्रण करायला बंदी असते. एखादा बँड एका गाण्यापुरती परवानगी देतो, तेव्हा ते मंचावरूनच सांगतो. तुम्ही उंच असाल तर मागच्या भिंतीशी उभे राहा, प्रेक्षक बहुतेक मुली असतात आणि त्यांना तुमच्यामुळे दिसायचं बंद होईल. मुलीला पहिल्या खेपेला फार पुढे नाही, फार मागे नाही, पण कडेला उभं राहायला सांगा. डावी-उजवीकडची धावाधाव मधोमध जोरात असते.

पैशांचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे आणि त्यावर मोकळं बोलायला हवं. कार्यक्रमानंतर सामान विकायला टेबलं लागतात. सगळ्यात जास्त खपतात त्या चेकी, झटपट कॅमेऱ्यावर काढलेले बँडवाल्यांचे फोटो. पाकीट बंद असतं, आत कोण निघेल ते माहीत नसतं. म्हणून मुली हवा तो चेहरा मिळेपर्यंत घेत राहतात, मग आपापसांत अदलाबदल करतात. छोट्या बँडचा पेट्रोलचा, स्टुडिओचा खर्च यातूनच निघतो, तिकिटातून नाही. पण जितकं जास्त घ्याल तितका वेळ बँडवाल्याशी बोलायला, असा प्रकार जिथे सुरू होतो तिथे कोवळ्या मुली कर्जात जाऊ शकतात. तुमच्या मुलीशी आधीच एक रक्कम ठरवा आणि तेवढीच रोख द्या.

सदाफुली

यावर मात्र मी आणि तिरीप शंभर टक्के एकमताने. रक्कम ठरवा. आणि बाबा, चेकीपेक्षा सीडी घ्यायला सांगा. छोट्या बँडांच्या कितीतरी सीडी फक्त त्या टेबलावरच मिळतात, नंतर कुठेच नाहीत.

अनिकेतचे_बाबा

सगळ्यांचे आभार. मुलगी शेजारी बसून वाचतेय. ती विचारतेय, मेकअप करून गेलं तर चालेल का, की तिथल्या मुलींना आवडणार नाही?

नागोयाकर_मीरा

बिनधास्त करून या. फक्त टोकदार काटे असलेले पट्टे आणि मोठ्या साखळ्या नकोत, गर्दीत दुसऱ्याला लागतात. केस लांब असतील तर मोकळे सोडा, हेदोबानला बरं दिसतं, पण पहिली गाणी बांधून बघा. आणि तिला सांगा, फुरी येत नसल्या तरी हरकत नाही. समोरच्या दोन रांगा बघत राहिलं की दुसऱ्या धृपदापर्यंत हात आपोआप जुळतात. गेल्या वर्षी माझ्या आईलासुद्धा जमलं, ती सत्तरीची आहे.

उन्हाची_तिरीप

मे महिन्यात मी टोकियोतच आहे. तारखा ठरल्या की मला इथेच निरोप टाका, त्या आठवड्यात इकेबुकुरो आणि शिबुयात कोणते ताइबान आहेत ते बघून सांगते. तिकिटं आधी काढायला जपानी फोन क्रमांक लागतो, तेही मी करून देईन. सदाफुली, तू त्या सुमारास येणार होतीस ना?

सदाफुली

येतेय. कठडा तुमच्या मुलीला.